अंकलिपी आणि घरातील अंकगणित : मराठी संख्याशब्दांच्या दृष्टीने एक चिकित्सा

१

लहान मुलाचे अंकगणित शाळेत सुरू होते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी मराठी कुटुंबात ते त्यापूर्वीच, आणि बहुधा एका पातळ पुस्तिकेच्या आधाराने, सुरू झालेले असते. ही पुस्तिका म्हणजे अंकलिपी. मुळाक्षरे, बाराखडी, एक ते शंभर अंक आणि पाढे एवढा ऐवज तिच्या मोजक्या पानांत सामावलेला असतो. वाङ्मयाच्या इतिहासात तिची नोंद होत नाही. ग्रंथपरीक्षणाचा विषय म्हणूनही तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तथापि ज्या पुस्तकातून मुलाच्या मनात संख्येची पहिली प्रतिमा उमटते आणि जे पुस्तक आई, आजोबा वा मोठे भावंड हाती घेऊन मुलास शिकवावयास बसते, त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे. कारण त्यात जे आहे तेच गणित असे पालक मानतो, आणि त्यात जे नाही ते शिकविण्याची आपली पात्रता नाही असेही तोच मानतो.

ह्या प्रश्नावर आज दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो की उजळणी आणि पाढे पाठ करून घेतले की गणिताचा पाया पक्का झाला. पूर्वीची पिढी ह्याच मार्गाने हिशेबी झाली. दुसरा पक्ष म्हणतो की मराठी संख्यांची नावेच मुळी अवघड, आणि ती बदलल्यावाचून मुलांची गणिताविषयीची भीती जाणार नाही. दोन्ही पक्षांत तथ्याचा अंश आहे. परंतु पहिला पक्ष शब्दालाच संख्या समजतो आणि दुसरा पक्ष शब्दाच्या अडचणीलाच संख्येची अडचण समजतो. संख्या, तिचा उच्चार आणि तिचे अंकलेखन ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. मुलाची खरी अडचण ह्यांपैकी कोणत्याही एकीत नसून तिघींमधील वाटेवर आहे, आणि ती वाट दाखविण्यास घरासारखे स्थान नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम पाठांतराचा विचार करू. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल ह्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजण्याच्या क्रियेमागील पाच तत्त्वे सांगितली. प्रत्येक वस्तूस एक आणि एकच शब्द द्यावयाचा. शब्दांचा क्रम कायम ठेवावयाचा. शेवटी उच्चारलेला शब्द हाच समूहाच्या संख्येचा वाचक मानावयाचा. मोजावयाच्या वस्तू कोणत्याही प्रकारच्या असू शकतात हे ओळखावयाचे. आणि वस्तू कोणत्याही टोकापासून मोजल्या तरी उत्तर बदलत नाही हे जाणावयाचे. ह्या कसोटीवर अंकलिपी तपासली तर असे दिसते की पाचांपैकी एकाच तत्त्वाची, म्हणजे कायम क्रमाची, तरतूद तिने केली आहे. उरलेली चार तत्त्वे पुस्तिकेबाहेर, वस्तूंच्या जगात शिकावयाची आहेत.

क्रम येणे आणि संख्या कळणे ह्यांत किती अंतर असते हे कॅरन विन ह्यांच्या १९९० आणि १९९२ मधील अभ्यासांनी स्पष्ट केले. मुलास पुढ्यातल्या ढिगातून ठरावीक वस्तू देण्यास सांगावयाचे, एवढीच ती परीक्षा. दहापर्यंत बिनचूक म्हणणारी अनेक मुले 'तीन दे' म्हटल्यावर मूठभर वस्तू उचलून देतात. 'एक' ह्या शब्दाचा अर्थ प्रथम कळतो, नंतर काही महिन्यांनी 'दोन'चा, त्यानंतर 'तीन'चा. आणि मग केव्हातरी मोजण्याच्या क्रियेचे मर्म उमगून पुढील सर्व शब्द अर्थपूर्ण होतात. ह्या टप्प्यापूर्वी मूल जे म्हणते ते स्तोत्रासारखे असते. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत म्हणून दाखविणाऱ्या मुलाचे कौतुक अवश्य करावे; परंतु त्याच मुलास चार वाट्या आणावयास सांगून पाहावे, म्हणजे कौतुक कशाचे चालले आहे ते पालकास कळेल.

मराठीत ह्या टप्प्यावर एक खास भाषिक प्रश्न उद्भवतो. वस्तूंसाठी आपण 'दोन, तीन, चार' म्हणतो, पण माणसांसाठी 'दोघे, तिघे, चौघे' म्हणतो. त्यांतही 'दोघी, तिघी' असा लिंगभेद आहे. आणि पाचापासून मात्र 'पाच जण' असे सरळ रूप येते. घरात चौघे जण आहेत म्हणून चार ताटे मांडावयाची, ह्या साध्या कृतीत मुलाला 'चौघे' आणि 'चार' ह्या भिन्न रूपांमागील एकच संख्या ओळखावी लागते. दुसरे असे की 'लाडू', 'दगड' यांसारख्या पुल्लिंगी नामांचे अनेकवचनी रूप एकवचनासारखेच राहते. 'केळे–केळी', 'वाटी–वाट्या' ह्या जोड्यांत अनेकत्व नामातच ऐकू येते. 'लाडू' म्हणताना ते संख्याशब्दात किंवा 'आहे–आहेत' ह्या क्रियापदात शोधावे लागते. ही रूपे अंकलिपीत येत नाहीत, येऊ शकतही नाहीत; ती बोलण्यात येतात. मुलाचे पहिले अंकगणित बोलण्यात घडते ते ह्या अर्थाने.

ह्याला पुष्टी देणारा पुरावा उपलब्ध आहे. सुसान लेव्हाइन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४ अमेरिकन मुलांच्या घरातील संभाषण, मुले १४ ते ३० महिन्यांची असताना, पाच भेटींत नोंदविले होते. पालकांनी ह्या भेटींत उच्चारलेल्या संख्याशब्दांचे प्रमाण ४ पासून २५७ पर्यंत भिन्न आढळले. आणि ज्यांच्या कानावर असे शब्द अधिक पडले त्या मुलांना ४६ महिन्यांच्या वयात संख्याशब्दांचा अर्थ अधिक चांगला कळत होता. २०११ मध्ये एलिझाबेथ गंडरसन आणि लेव्हाइन ह्यांनी पुढे असे दाखविले की नुसते शब्द उच्चारण्यापेक्षा समोर दिसणाऱ्या वस्तूंविषयी केलेले संख्येचे बोलणे अधिक उपयुक्त ठरते. पाठांतरवाद्यांनी हा भेद ध्यानात घेतला पाहिजे. पाठांतर निरुपयोगी नाही. क्रम पाठ असल्यावाचून मोजता येणार नाही. पण ते साधन आहे, साध्य नव्हे.

३

आता संख्याशब्दांच्या काठिण्याकडे वळू. मराठीतील एकवीस ते नव्व्याण्णव ह्या शब्दांवर जो आक्षेप घेतला जातो, तो एकच आक्षेप नसून त्यात तीन निरनिराळे दोष एकत्र केलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन होणार नाही.

पहिला दोष क्रमाचा. 'सत्तेचाळीस' म्हणताना आधी सात ऐकू येतात आणि मग चाळीस. लिहिताना मात्र आधी ४ आणि मग ७. हा क्रम संस्कृतातून आला आहे. 'द्वाविंशति' ह्या शब्दातही दोन आधी आणि वीस नंतर आहेत. जर्मन आणि अरबी ह्या भाषांतही एकक आधी येतो, तेव्हा हा काही मराठीचा एकटीचा दोष नव्हे. परंतु त्याचा परिणाम खरा आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या जर्मनभाषी मुलांच्या श्रुतलेखनाच्या २००९ मधील अभ्यासात मुलांच्या सुमारे निम्म्या चुका ह्या अंकांच्या उलटापालटीशी निगडित आढळल्या. मराठी मूल सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिते ते ह्याच कारणाने. त्याचा बुद्धीशी संबंध जोडणे अन्यायाचे आहे.

दुसरा दोष ध्वनिपरिणामाचा. दीर्घ काळात झालेल्या उच्चारबदलांमुळे जोडशब्दाचे घटक ओळखू येईनासे झाले आहेत. 'पन्नास' हा शब्द 'बावन्न' आणि 'छप्पन्न' ह्यांत '-वन्न' आणि '-पन्न' होऊन येतो. 'साठ'चे '-सष्ट' होते. संस्कृत 'सप्तति'तील आद्य सकाराचा जोडशब्दात हकार झाल्यामुळे 'सत्तर' हा शब्द 'बाहत्तर'मध्ये '-हत्तर' म्हणून उरतो. 'नव्वद'चे '-ण्णव' होते. भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही रूपे आनंद देतात. पाच वर्षांच्या मुलास ती ऐंशी सुटे शब्द म्हणूनच भेटतात.

तिसरा दोष वजाबाकीच्या नामपद्धतीचा. 'एकोणतीस' म्हणजे एकाने ऊन तीस. येथे मुलाच्या कानावर 'तीस' पडतो आणि ते ३९ लिहून मोकळे होते. शिवाय 'एकोणतीस' आणि 'एकतीस' ह्या दोहोंच्या आरंभी 'एक' आहे. एकात तो एक वजा करावयाचा, दुसऱ्यात मिळवावयाचा. त्यात भर म्हणून 'नव्व्याण्णव' ह्या शब्दाने ही पद्धत सोडून दिली आहे. ते 'एकोणशंभर' नाही.

ह्या तिन्ही दोषांचे स्वरूप भिन्न असल्यामुळे त्यांवरील उपायही भिन्न असले पाहिजेत. पहिला दोष लेखनाच्या वेळी जाणवतो, दुसरा स्मरणाच्या वेळी, तिसरा अर्थ लावण्याच्या वेळी. २०१९ मधील वादात नेमका हाच भेद दृष्टीआड झाला.

४

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. 'एकवीस'साठी 'वीस एक', 'बासष्ट'साठी 'साठ दोन' अशी वाचनपद्धती त्या पुस्तकात आणली होती. गणित अभ्यासगटाच्या अध्यक्षा, आता दिवंगत असलेल्या, मंगला नारळीकर ह्यांनी तिचे समर्थन करताना जोडाक्षरांचे काठिण्य आणि उच्चार व लेखन ह्यांच्या क्रमातील विसंगती ह्यांकडे लक्ष वेधले होते. वाद वृत्तपत्रांत गाजला, विधिमंडळातही पोचला आणि बराचसा विनोदाच्या पातळीवर लढला गेला. आडनावांवर, म्हणींवर कोट्या झाल्या. ज्या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावयास हवा होता तो हास्यात विरून गेला.

नव्या पद्धतीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नव्हता. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकन बालकांची तुलना केली. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा एक' आणि एकवीस म्हणजे 'दोन दहा एक'. दहापर्यंतच्या मोजणीत दोन्ही देशांची मुले सारखीच होती. फरक पडला तो दहाच्या पुढे, जेथे इंग्रजी शब्द अनियमित होतात. आपल्या शेजारी कानडीत 'इप्पत्तोंदु', तेलुगूत 'इरवै ओकटि' असे वीस आधी आणि एक नंतर म्हणतात. सोलापूर किंवा बेळगावच्या द्विभाषिक घरात मुलाच्या कानावर दोन्ही क्रम पडू शकतात, आणि त्यावरून ते गोंधळलेच पाहिजे असे नाही.

सर्वांत उद्बोधक पुरावा चेक भाषेचा आहे. त्या भाषेत एकवीससाठी दशक-आधी आणि एकक-आधी अशी दोन्ही रूपे प्रचलित आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच भाषेच्या, त्याच वर्गातील मुलांनी एकक-आधी रूप ऐकून लिहिताना उलटापालटीच्या चुका अधिक केल्या. भाषा, शाळा, संस्कृती सर्व समान. बदलला तो केवळ शब्दांचा क्रम. ह्यावरून क्रमदोषाविषयीचा आक्षेप खरा ठरतो.

परंतु ह्याच अभ्यासांतून त्या आक्षेपाची मर्यादाही दिसते. मिलर ह्यांच्या तुलनेत लहान समूह मोजण्यात किंवा लहान संख्यांची उदाहरणे सोडविण्यात दोन्ही देशांच्या मुलांत भेद आढळला नाही. म्हणजे पारदर्शक नाव क्रम शिकण्यास आणि दशक ओळखण्यास साह्य करते. संख्येचा अर्थ ते देत नाही. 'साठ दोन' म्हणणाऱ्या मुलास साठ म्हणजे सहा दशक हे ठाऊक नसेल, तर त्याने एका अपारदर्शक शब्दाऐवजी दोन अपारदर्शक शब्द घेतले एवढेच होईल. सुधारणेच्या समर्थकांनी ह्या मर्यादेचा पुरेसा उच्चार केला नाही.

विरोधकांची चूक निराळी होती. पुस्तकात जुनी नावे काढून टाकली गेली असा समज पसरला; वस्तुतः ती नव्या वाचनासोबत ठेवलेली होती. 'वीस एक' हे एकवीसचे नवे नाव मानले तर ते खटकणारच. पण ते एकवीसचे स्पष्टीकरण मानले तर त्यात खटकण्यासारखे काय आहे? 'त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन' असे पूर्वीही कोणताही चांगला शिक्षक फळ्यावर लिहिताना म्हणत असे. नाव आणि विग्रह ह्यांतील हा भेद व्याकरणाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. समासाचा विग्रह शिकविला म्हणून सामासिक शब्द भाषेतून जात नाही.

नाव बदलण्याचा मार्ग कितपत फलदायी होतो ह्याचे एक उदाहरण नॉर्वेचे आहे. तेथे १९५१ पासून सरकारी निर्णयाने एकक-आधी पद्धत सोडून दशक-आधी पद्धत स्वीकारण्यात आली. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना होणारा घोटाळा टाळणे हा त्यामागील एक हेतू होता. शाळांनी आणि नभोवाणीने ती उचलली. पण बोलण्यात जुनी पद्धत आजही पूर्णपणे गेलेली नाही. सात दशकांनंतरही तेथे दोन्ही रूपे कानावर पडतात. ह्याचा अर्थ सुधारणा फसली असा नव्हे. संख्यांची नावे बाजारात, स्वयंपाकघरात आणि आजीच्या तोंडी राहतात, आणि तेथे परिपत्रक पोचावयास पिढ्या लागतात, एवढाच आहे.

५

मराठी नावे जशी आहेत तशी ठेवून त्यांतील नियमितता मुलास दाखविता येईल काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी विचारलेला दिसत नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे.

दोन ह्या एककाची रूपे क्रमाने पाहावी : बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. 'द्वा'पासून आलेला हा 'ब' सर्वत्र आरंभी आहे. तीनची रूपे : तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव, सर्वांच्या आरंभी 'त'. चारची सर्व रूपे 'च'ने सुरू होतात, पाचची 'प'ने, सातची 'स'ने, आठची 'अ'ने. एकाची रूपे 'अकरा' वगळता 'ए'ने सुरू होतात. म्हणजे आद्यवर्ण ऐकताच एकक कोणता हे जवळजवळ निश्चित होते. अपवाद मुख्यतः दोन. नऊची जागा एकोण-पद्धतीने घेतली आहे, हे वर आलेच आहे. दुसरा अपवाद सहाचा : सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. संस्कृत 'षट्'च्या आद्य ध्वनीचे स, छ आणि श असे तीन परिणाम येथे एकत्र नांदतात. मुले सव्वीस आणि सत्तावीस ह्यांत घोटाळा करतात तो येथेच, कारण दोहोंचा आरंभ 'स'ने होतो.

ह्यावरून असे दिसते की ज्यांना ऐंशी सुटे शब्द समजले जाते, ती वस्तुतः नऊ कुळे आहेत. त्यांपैकी सात सुशील, एक खोडकर आणि एक उलट्या बाजूने मोजणारे. पालकाने नऊ कुळे ओळखून घ्यावयाची आहेत. आणि ह्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. अंकलिपीत एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते तीस असे उभे स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असतात. मुलाकडून ते नेहमी वरून खाली म्हणून घेतले जातात. तेच पान डावीकडून उजवीकडे वाचले की दोन, बारा, बावीस, बत्तीस अशी कुळे आपोआप समोर येतात. एकक स्थिर राहतो आणि दशक एकेकाने वाढतो. पान तेच, वाचनाची दिशा निराळी. अंकलिपीच्या रचनेत हा गुण प्रथमपासून आहे, तिचा उपयोग करणाऱ्यांनी मात्र तो वापरला नाही.

'एकोण'चा दोषही अशाच रीतीने गुणात परिवर्तित करता येतो. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, हे एकदा उमगले की तीसमधून एक काढण्याचे उदाहरण शब्दातच सोडविलेले सापडते. पुढे एकोणतीस आणि आठ ह्यांची बेरीज तीस आणि सात अशी करण्याची युक्ती ह्याच शब्दातून सुचते. क्रमदोषावरील उपाय त्याहून सोपा आहे. दहाच्या काही नोटा आणि एक रुपयाची काही नाणी मुलापुढे ठेवावी आणि सत्तेचाळीस रुपये मांडावयास सांगावे. तोंड आधी सात म्हणते. हात मात्र आधी चार नोटा मांडतो आणि मग सात नाणी. मग तीच मांडणी अंकांत लिहून घ्यावी. 'सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात' हा विग्रह येथे केवळ ऐकण्याचा न राहता हाताने करण्याचा होतो.

६

संख्यांच्या नावांवर एवढा वाद होत असता क्रियांच्या भाषेकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे, हे नवल होय. 'आठ आणि सात पंधरा. पंधरातले पाच, हातचा एक' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेले आहे. ह्यातील 'हातचा' हा शब्द बोटांवर धरलेल्या गणनेची आठवण जपणारा, अत्यंत मूर्त असा शब्द आहे. परंतु 'हातचा एक' हा एक नाही. तो दहा आहे, किंवा नेमके म्हणावयाचे तर एक दशक आहे. भाषेने येथे सोयीसाठी नामाचा लोप केला आहे. जाणत्यास तो लोप कळतो, मुलास कळत नाही. दुसऱ्या इयत्तेतील मूल हातचा मिळवावयास विसरते किंवा भलत्या ठिकाणी मिळविते, ह्याचे कारण पुष्कळदा अवधान नसणे हे नसून ह्या लुप्त शब्दात असते. 'हातचा एक दशक' एवढे दोन-चार महिने म्हटले तरी पुरे.

तीच गोष्ट तुलनेच्या वाक्यांची. टॉम हडसन ह्यांनी १९८३ मध्ये मुलांना पाखरे आणि अळ्या ह्यांची चित्रे दाखवून अळ्यांपेक्षा पाखरे किती अधिक आहेत असे विचारले तेव्हा बालवर्गातील थोड्याच मुलांना उत्तर आले. पण प्रत्येक पाखराने एक अळी घेतली तर किती पाखरे उपाशी राहतील, असे विचारताच बहुतेकांना ते आले. चित्र तेच, संख्या त्याच, वजाबाकी तीच. बदलले ते वाक्य. मराठीत हा अर्थ 'पेक्षा' आणि 'कितीने' ह्या दोन लहान रूपांवर तोललेला असतो. 'किती जास्त' आणि 'कितीने जास्त' ह्यांतील '-ने' हा प्रत्यय मुलाच्या कानातून सहज निसटतो, आणि ते दोन समूहांतील अंतर न सांगता मोठ्या समूहाची संख्या सांगते. अशा वेळी 'गणित येत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी प्रश्नाचे वाक्य बदलून पाहणे हे पालकाचे आणि शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

७

अंकलिपीतील पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ह्या पाढ्यांविषयी एक वेगळा भावनिक युक्तिवाद केला जातो. ते गेले म्हणून तोंडी हिशेब गेला, असे म्हणतात. ह्या पाढ्यांची निर्मिती सोळा आण्यांच्या रुपयाच्या आणि चाळीस शेरांच्या मणाच्या जगात झाली होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली, आणि ह्या पाढ्यांचा व्यावहारिक आधार नाहीसा झाला. ते पुन्हा पाठ करविण्याचा आग्रह धरणे म्हणजे साधन गेल्यावर त्याची मूठ जपणे होय.

पण पाढे आणि शब्द ह्यांत येथेही भेद केला पाहिजे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द गेलेले नाहीत. 'पादोन'चे पाऊण, 'सपाद'चे सव्वा, 'अर्धतृतीय'चे अडीच झाले. अडीच म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे ते. हे शब्द आजही घड्याळात, भाजीच्या वजनात आणि पैशांत रोज वापरले जातात. अडीच वाजतात, अडीच किलो तांदूळ येतो, अडीचशे रुपये दिले जातात. तोच शब्द तीन भिन्न मापांबरोबर ऐकणाऱ्या मुलास अपूर्णांक हे कशाचे तरी प्रमाण आहे, स्वतंत्र वस्तू नव्हे, ही कल्पना पुस्तकातील अपूर्णांकांच्या धड्यापूर्वीच मिळू लागते. दीडशे म्हणजे दीड वेळा शंभर, हे गुणाकाराचे विधान एका शब्दात साठविलेले आहे. अशी संपत्ती ज्या भाषेत आहे तिच्या भाषकांनी ती स्वयंपाकघरात मुलाच्या हाती न देणे ही उधळपट्टी होय.

८

ह्या सर्व विवेचनाला आज एक तातडीचा संदर्भ आहे. महाराष्ट्रातील अनेक मराठी शाळांतून 'सेमी-इंग्रजी' पद्धतीने गणित इंग्रजीत शिकविले जाते; इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तर ते तसे आहेच. परिणामी पुष्कळ मराठी घरांत मुलास 'फॉर्टी-सेव्हन' कळते आणि 'सत्तेचाळीस' कळत नाही. आजीने भाजीवाल्यास सांगितलेली रक्कम नातवंडास परभाषेसारखी वाटते. मुलाच्या शाळेचे गणित आणि घरातील गणित ह्यांच्यात भिंत उभी राहिली की घरातील माणसे त्या विषयातून अंग काढून घेतात; शाळेचे इंग्रजी शब्द आपणास येत नाहीत म्हणून गणितही येत नाही असे त्यांस वाटू लागते. अंकलिपीने आखून दिलेली त्यांच्या पात्रतेची मर्यादा अशा रीतीने आणखी आखूड होते.

ह्या भीतीची किंमत मूल देते. एरिन मॅलोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे दाखविले की गणिताची धास्ती असलेले पालक मुलाच्या गृहपाठात वारंवार मदत करतात तेव्हा त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि स्वतःही धास्तावतात. असे पालक फारशी मदत करीत नाहीत तेव्हा हा परिणाम दिसत नाही. ह्यावरून पालकांनी दूर राहावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निष्कर्ष असा की घरी गृहपाठाची दुसरी शाळा भरवू नये. ताटे मांडणे, पैसे मोजून देणे, लाडू वाटणे, जिन्याच्या पायऱ्या म्हणत चढणे, कोणत्या वाटीत कितीने जास्त शेंगदाणे आहेत ते पाहणे ह्यांत परीक्षा नसते आणि म्हणून धास्तीही नसते. ह्या कामासाठी लागणारी भाषा घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसापाशीही पूर्णपणे असते.

अंकलिपीविषयीचा अंतिम निर्णय ह्यावरून देता येईल. ती चुकीची पुस्तिका नाही. ती अर्धी पुस्तिका आहे. तिने शब्द दिले, क्रम दिला, आणि कुळे ओळखण्याची सोयही नकळत करून ठेवली. वस्तू, विग्रह आणि वाक्य ह्या तीन गोष्टी मात्र तिने घरावर सोपविल्या, आणि तसे सांगावयास ती विसरली. २०१९ च्या सुधारणेने विग्रह दिला, पण तो विग्रहच आहे हे पटवून देण्यात ती कमी पडली. संख्यांची जुनी नावे राखावयाची की नाही ह्याचा निवाडा कोणत्याही समितीपेक्षा घराघरांतील बोलण्यात होईल. ज्या घरात आजोबा नातवास 'सत्तेचाळीस म्हणजे चाळीस आणि सात' असे म्हणून चार नोटा आणि सात नाणी मांडून दाखवितात, त्या घरात जुने नावही टिकेल आणि त्याचा अर्थही कळेल. ज्या घरात संख्येविषयी कोणी बोलतच नाही, तेथे 'साठ दोन' म्हटले काय आणि 'बासष्ट' म्हटले काय, मुलाच्या पदरी शब्दच पडणार.